पट्टा मिळाल्यानंतरचं जंगल

सामूहिक वनहक्काचा दावा, म्हणजे गावाने आपल्या जंगलावरचा हक्क मागणं, हा प्रत्यक्षात सुतळीने बांधलेला एक गठ्ठा असतो. आमच्या गठ्ठ्यात नमुना ‘क’ मधला अर्ज होता, ग्रामसभेचे ठराव होते, वनहक्क समितीची यादी, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, निस्तार पत्रकाची नक्कल, हाताने काढलेला नकाशा, जीपीएसने काढलेला नकाशा, आणि देवस्थानाचे, मसणवटीचे, जुन्या बोड्यांचे, म्हणजे लहान तळ्यांचे, फोटो. हे सगळं तीन प्रतींत. पोच घेतल्याशिवाय एकही कागद हातातून सोडायचा नाही, हे मला एका जुन्या कार्यकर्त्याने सुरुवातीलाच बजावलं होतं. पुढच्या सगळ्या वर्षांत याहून कामाचा सल्ला मला कुणी दिला नाही.

मी वडशाची. एका लहानशा संस्थेत काम करायचे. उत्तर गडचिरोलीतल्या एका गोंड गावाला दावा तयार करायला, आणि मग मिळालेलं जंगल सांभाळायला मदत करणं, हे माझं काम. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाचतील तर ओळखतीलच.

गावाला ही कल्पना आम्ही दिली नव्हती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्या हक्कांत तो होता, सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा. पण हक्क मिळूनही बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना मिळेना. शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ही बातमी आमच्या गावात सोयऱ्याधायऱ्यांकडून पोहोचली होती. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा इथल्या पोरांना पाठ होती. घोषणेच्या पुढचं काय करायचं ते माहीत नव्हतं, आणि तेवढ्यासाठी आम्हाला बोलावणं आलं.

2006 चा वनहक्क कायदा बहुतेकांना अतिक्रमणाच्या जमिनीचा पट्टा देणारा कायदा म्हणूनच ठाऊक असतो. त्याच कायद्याच्या कलम 3 मध्ये गावाने परंपरेने राखलेल्या जंगलाचं संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. कलम 5 त्याच्याही पुढे जातं. जंगल, वन्यप्राणी, पाणलोट यांना धक्का लावणारं काही होत असेल तर ते थांबवण्याचा अधिकार ते ग्रामसभेला देतं. मी हे सभेत वाचून दाखवलं तेव्हा मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, “म्हंजे गार्डाले आमी इचारू शकतो का जी?” सगळे हसले. पण त्या संध्याकाळी कायदा सगळ्यात नीट त्यालाच कळला होता असं मला अजून वाटतं.

सभा घेणं हेच पहिलं मोठं काम. नियम 2012 मध्ये सुधारले, त्यानुसार निम्मे प्रौढ हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. ग्रामपंचायत होती चार गावांची मिळून, आणि पंचायतीच्या गावची ग्रामसभा म्हणजेच ग्रामसभा असा कारकुनी समज. अनुसूचित क्षेत्रात टोल्याची, पाड्याचीसुद्धा स्वतंत्र ग्रामसभा असते हे दाखवायला नियमाची छापील प्रत सतत पिशवीत ठेवावी लागे. बायांचं म्हणाल तर त्या येत, पण सभा दुपारी ठेवली तर येत नसत. रात्री जेवणं झाल्यावर गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामुदायिक घरासमोर, सभा ठेवली तेव्हा गणपूर्तीची चिंता मिटली.

मग शिवेची फेरी. कायद्याला एकाहून जास्त पुरावे लागतात आणि वयस्कर माणसांचा जबाब हा त्यातला एक मानलेला पुरावा आहे. जुनं निस्तार पत्रक आमच्या नशिबाने अभिलेख कक्षात सापडलं. कुठल्या गावाने कुठल्या जंगलातून जळाऊ लाकूड, चराई, बांबू घ्यायचा ते त्यात लिहिलेलं असतं. पण त्या कागदात शीव नाही. शीव म्हाताऱ्यांच्या पायात होती. दोन आजे, एक आजी, समितीचे तरुण आणि मी, असे आम्ही चालत निघालो. जीपीएसचं यंत्र बांबूच्या दाट रांज्यांत, म्हणजे बेटांत, उपग्रह शोधत बसायचं आणि आजा पुढे निघून जायचा. “त्या ऐनाच्या बुडाशी दगड हाय पाहा” असं तो दुरूनच सांगे. ऐन कधीच पडलेला असे, दगड मात्र असे.

पूर्वेकडे नाल्यापाशी अडलो. नाल्यापलीकडची मोहाची झाडं शेजारच्या गावातले लोक वेचत आणि आमचेही वेचत. कोणाच्या आज्याने कोणती झाडं कोणाच्या लेकीला लग्नात दिली होती, इथपर्यंत चर्चा गेली. अशा वेळी दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून ठरवायचं असं नियमात आहे. हे नियम लिहिणाऱ्यांना गाव कळत होतं म्हणायचं. दोन्ही गावं बसली. कोंबडी झाली. नाला ही हद्द, पलीकडचं जंगल त्यांच्या दाव्यात. पण ज्या घरांची झाडं परंपरेने ठरलेली आहेत त्यांनी ती वेचायची, आणि नाल्याच्या पाण्यावर दोन्हीकडच्या गुरांचा हक्क. असं लिहून अंगठे, सह्या घेतल्या. तो कागद गठ्ठ्यातला माझा सगळ्यात आवडता. नंतर कार्यालयात त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, ती गोष्ट वेगळी.

स्थळ पडताळणीला वनविभागाच्या माणसांनी हजर राहून सही करायची असते. पहिल्या तारखेला कुणी आलं नाही. नंतर गैरहजेरीचं कारण सांगून विभागाने आक्षेप घेतलाच तर पडताळणी पुन्हा होते, आणि तेव्हाही कुणी आलं नाही तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम मानला जातो, अशी नियमात सोय आहे. ती आम्ही दुसऱ्या पत्रात कलमासकट लिहिली. दुसऱ्या वेळी वनरक्षक आला. चांगला माणूस निघाला. दिवसभर चालला, वाळूतला बिबट्याचा पंजा त्यानेच दाखवला, संध्याकाळी सही केली. वरच्या टेबलांवर पुढे जे झालं ते सांगण्यात मजा नाही. कक्षांचे, म्हणजे जंगलाच्या नोंदलेल्या तुकड्यांचे, क्रमांक जुळत नाहीत, प्रत अस्पष्ट आहे, फाइल दुसऱ्या शाखेत आहे. उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. पोच पावत्या होत्या म्हणून गठ्ठा हरवला तरी दावा हरवला नाही.

पट्टा आला तो मागितलेल्यापेक्षा काही कक्ष कमी करून. गावाने तो घेतला आणि राहिलेल्या क्षेत्राबद्दल अर्ज ठेवला.

इथपर्यंतचं काम बऱ्याच संस्था करतात, आणि इथेच बहुतेकांचा प्रकल्प संपतो. माझ्या मते गावाला आधाराची खरी गरज पट्ट्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. जंगल कसं राखायचं हे गावाला शिकवायला आम्ही कोण? गावाला येत नव्हतं ते रोखवही लिहिणं, बँकेत ग्रामसभेच्या नावाचं खातं उघडणं, पॅन कार्ड काढणं, लिलावाची जाहिरात देणं, व्यापाऱ्याचा करारनामा वाचणं. या गोष्टींना कुणी संवर्धन म्हणत नाही. त्यांच्यासाठी निधीही सहसा मिळत नाही. रोपवाटिकेला मिळतो, फलकांना मिळतो. साग-ऐन-धावड्याच्या जंगलात ‘झाडे लावा’चा फलक कुठे रोवायचा हा प्रश्न आम्हाला एका देणगीदाराने खरोखर विचारला होता.

तेंदूचंच बघा.

तेंदूपत्ता, बिडीचं पान, म्हणजे मे महिन्यातला पंधरा-वीस दिवसांचा धंदा, पण पेरणीचा, औषधाचा, पोरांच्या पुस्तकांचा रोख पैसा त्यातूनच. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचा एक प्रमाण बोरा. आधी विभागाकडून ठेकेदार यायचा, फडी, म्हणजे पानं गोळा करायची जागा, लावायचा, मजुरी द्यायचा. हक्क मिळाल्यावर ग्रामसभेला स्वतः लिलाव करता येऊ लागला. मजुरी वेगळी आणि पानांची किंमत वेगळी, दोन्ही गावाची. पहिल्या वर्षी आकडा ऐकून सभेत कुजबुज झाली होती.

पण चांगलं पान हवं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई करावी लागते, म्हणजे तेंदूची झुडपं बुंध्याशी छाटायची. मग नवा लुसलुशीत फुटवा येतो. आणि तो लवकर यावा म्हणून कुणीतरी काडी लावतो. कोण लावतो ते कधी कळत नाही. मोह वेचणारेही झाडाखालचा पाला जाळतात, फुलं दिसावीत म्हणून. वणवा एकदा लागला की चारोळीची, मोहाची, बीजाची लहान रोपं गेली. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी गेले. म्हातारी झाडं उभी राहतात, त्यामुळे जंगल शाबूत दिसतं, पण पोरंच नसलेल्या घरासारखं ते असतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने 2012 मध्ये हक्क मिळाल्यावर तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. आग आणि छाटणी दोन्ही टळावं म्हणून. त्यांनी बांबूवर भर दिला आणि त्यातून गावात रोजगार उभा केला. आमच्या गावातले काही जण तिथे जाऊन आले, आणि परत आल्यावर तेंदू बंद करा म्हणून तरुणांनी सभेत जोर लावला. मला आतून आनंद झाला होता हे मान्य करते. तेव्हा एक विधवा बाई उभी राहिली. चार लेकरं, शेत नाही. ती म्हणाली, “पाचगावले बांबू हाय. आपला बांबू आतापर्यंत कागद मिलवाल्यांनी नेला, उरला तो बारीक. तो मोठा होईस्तोवर मी का खाऊ?”

सभा त्या रात्री मोडली. नंतर पुन्हा पुन्हा बसली. आम्ही बाहेरची माणसं गप्प राहिलो. ते सोपं नसतं, कारण आकडे आमच्याकडे होते आणि आकडे असले की तोंड शिवशिवतं. शेवटी जे ठरलं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पेनाचं, म्हणजे गोंडांच्या देवाचं, ठाणं आणि त्याच्या वरची टेकडी, तसंच बोडीच्या वरचं पाणलोट, इथे तेंदू बंद. बाकीच्या जंगलात तोडायचा, पण खुटकटाई आलटून पालटून, एका वर्षी एका बाजूला. आणि करारात एक अट घालायची, की करार झाल्यापासून हंगाम संपेपर्यंत त्या क्षेत्रात वणवा लागला तर अनामतीतून कापून घेणार, मग आग कुणीही लावलेली असो.

व्यापारी हसले. दोघे अट वाचून उठून गेले. एकाने मान्य केली, पण आदल्या वर्षीपेक्षा कमी बोली लावून. म्हणजे आग न लागू देण्याची किंमत पुड्यामागे किती पडते ते त्या दिवशी गावाला रोख कळलं. आमच्या देणगीदार संस्थेने हा फरक आपण भरून काढतो असं सुचवलं. पैसा तयार होता. समितीच्या अध्यक्षांनी सभेपुढे ठेवलं. सभेने नाही म्हटलं. “औंदा तुमी द्याल, पुढच्या साली कोन देईल? मंग पोट्टे म्हनतील, पैसा बंद झाला, लावा काडी.” त्याऐवजी आग पसरू नये म्हणून जाळरेषा काढण्याची आणि उन्हाळाभर गस्तीची मजुरी तुमच्या पैशातून द्या, असं त्यांनी मागितलं. ते आम्ही दिलं. देणगीदाराला तसं लिहून पटवणं हे माझ्याकडचं त्या वर्षीचं सगळ्यात अवघड काम.

मोहाखाली पसरायला जाळ्या आणल्या होत्या, त्यांचं फारसं जमलं नाही. गुरं त्यात पाय अडकवत, वाऱ्याने गोळा होत. बायांनी दोनेक मोसमात त्या गुंडाळून ठेवल्या आणि पाला खराट्याने झाडून काढायला लागल्या. जाळणं मात्र कमी झालं. जाळ्यांपैकी बऱ्याच आता परसातल्या भाजीवर आहेत, कोंबड्यांपासून राखायला.

वन्यप्राण्यांचा विषय गावात काढणं सगळ्यात नाजूक. बाहेर बसून ‘आदिवासी निसर्गपूजक’ वगैरे लिहिणाऱ्यांना तो नाजूकपणा कळत नाही. रानडुक्कर धान लोळवतं. त्यावर उपाय म्हणून या सगळ्या पट्ट्यात काही शेतकरी रात्री कुंपणाच्या तारेत करंट सोडतात. त्यात डुक्कर मरतं, चितळ मरतं, कधी वाघ मरतो, कधी पहाटे बाहेर पडलेला माणूसही मरतो. व्यवस्थापनाच्या आराखड्यात ग्रामसभेने करंट आणि फास दोन्हींना बंदी घातली आणि दंड ठेवला. ठराव एकमताने झाला, कारण तेव्हा तो कुणालाच लागू नव्हता. मग समितीतल्याच एकाच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तार सापडली. तो बोलायचा बंद झाला. दोन सभांना आलाच नाही. त्याचं म्हणणं चूक होतं असं मला म्हणवत नाही. नुकसानभरपाईच्या पंचनाम्याला माणूस येईपर्यंत उरलेलं धानही जातं. शेवटी त्याने दंड भरला, धानाच्या रूपात. आणि त्याच सभेत ठरलं की नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो, अर्ज आणि पोच हे काम समितीचे दोन तरुण करतील, शेतकऱ्याने एकट्याने खेटे घालायचे नाहीत. पोचेचा सल्ला मी त्यांना तेव्हा पुढे दिला.

वाघ आमच्याकडे पूर्वी कधीमधी येऊन जाणारा पाहुणा होता. ब्रह्मपुरीकडून, वडशाकडून तो गेल्या काही वर्षांत पसरत इकडे आला आणि राहिला. मोह पडतो पहाटे, बाया निघतात अंधारात, वाकून वेचतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस दिसत नाही असं म्हणतात. आजूबाजूच्या भागात मोह आणि तेंदूच्या हंगामात माणसं गेली. त्या दिवसांत वाघाच्या संवर्धनावर बोलायची माझी हिंमत नव्हती. गावानेच नियम केले: उजेड पडल्याशिवाय निघायचं नाही, चौघींपेक्षा कमी जायचं नाही, एकीने उभं राहून हाक देत राहायचं. पंजा दिसला की समितीच्या गटावर आणि वनरक्षकाला लगेच निरोप. तोच वनरक्षक, शीव चाललेला. त्याची तोवर बदली व्हायची होती ते बरं झालं. कॅमेरे लावायला विभागाची माणसं आली तेव्हा जागा गावातल्या पोरांनी दाखवल्या. टेकडीवरचं तेंदूबंद क्षेत्र वाघालाही सोडायचं असं पुढे ठरलं. पेनाच्या पूजेचा दिवस सोडला तर तिथे कुणी जात नाही. ते भीतीने ठरलं की भक्तीने की शहाणपणाने, याचा काथ्याकूट मी करत नाही. तिथे अस्वलंही आहेत.

मग 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात शिरला. हत्तीबद्दल इथल्या म्हाताऱ्यांकडेही काही नव्हतं, ना गोष्ट ना नियम. उभं धान तुडवलं गेलं, घरात साठवलेल्या मोहासाठी भिंती पाडल्या गेल्या. मोह घरात मातीच्या भिंतीआड ठेवायचा नाही, हा नवा नियम त्यातून आला. कुठे ठेवायचा हे मात्र अजून नीट सुटलेलं नाही.

बांबूला फुटवा येतोय. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, काढायला जाणाऱ्यांनी एका रांजीतून किती घ्यायचे, पहिल्या वर्षाचा बांबू तोडायचा नाही, रांजीच्या मधोमध वार करायचा नाही, हे गावाने स्वतःच ठरवलं. एका तज्ज्ञांनी मोजणीची पद्धत शिकवली, तीही उपयोगी पडली, कारण आराखडा मंजूर करणाऱ्यांना आकडे लागतात. वाहतूक परवाना आता ग्रामसभेची समितीच देते. पहिलं पुस्तक छापून आणलं तेव्हा शिक्का गोल हवा की चौकोनी यावर बराच वेळ गेला.

आमचा प्रकल्प संपला. हिशेब आता गावातली एक बारावी झालेली मुलगी लिहिते. ती सुरुवातीला प्रत्येक नोंद मला फोनवर विचारायची, मग आठवड्याने विचारू लागली, आता फक्त भांडायला फोन करते. मागच्या वेळचं भांडण असं: एका व्यापाऱ्याने शेवटचा हप्ता थकवलाय, पानं केव्हाच गोदामात गेली आहेत, आणि करारात व्याजाचं कलम मी का घालून दिलं नव्हतं. करार तिच्या आधीच्या समितीने केला होता हे मी सांगून पाहिलं. पुढच्या लिलावाचा मसुदा तिने स्वतः लिहिला आहे. अनामत दुप्पट, फडीवरून बोरे हलण्याआधी निम्मी रक्कम खात्यात, आणि वणव्याची अट जशीच्या तशी. दोन जुने व्यापारी येणार नाहीत असं तिचं म्हणणं आहे. तीन नव्यांशी तिचं बोलणं चालू आहे.